राखेनं घासलेली पाटी

मित्रांनो, माझ्यावर आज एकही अक्षर नाही, म्हणून मला कोरी समजू नका. गुडीहत्नूरच्या हमरस्त्यावर द्वारकाबाईंची खानावळ आहे, तिच्या दारावरची मी पत्र्याची पाटी. तोंडाची जराशी तिखट आहे. जिच्या दारात उमर काढली, तिचाच गुण लागला.

मी मूळची तेलाचं पिंप. १९८६ साली नागनाथ पेंटरनं मला कापलं, ठोकून सपाट केलं आणि पांढरा रंग दिला.

द्वारकाबाई दुसरी शिकलेल्या. खानावळ टाकण्याआधी वीस वर्षं त्यांनी तामसीच्या वामनरावांच्या शेतात कापूस वेचला. वामनरावांच्या गोठ्यात, कोनाड्यात एक वेगळा ग्लास असे, बाईंसारख्या बौद्ध मजुरांसाठी. पाणी प्यायचं, ग्लास आपला आपणच धुवायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. खानावळ टाकली त्या दिवशी बाईंनी मनाशी गाठ बांधली, की वामनराव एक दिवस इथं बसून माझ्या ग्लासानं पाणी पितील. पण बोलवायला मी जाणार नाही.

नागनाथनं कुंचला बुडवून विचारलं, "काय लिहू मावशी? शुद्ध?"

"शुद्ध नको. त्या शब्दानं मले लई वर्षं दाराबाहेर बसवलं."

"मंग स्वच्छ?"

"ते शाळेच्या भिंतीवर लिहेल हाये, अन् खाली कचरा पडेल हाये."

"मंग इंग्रजी घ्या. आदिलाबादले सारे तेच लिहून राह्यले. नीट अँड क्लीन हाये, स्पॉटलेस हाये."

"त्या शब्दात जात इचारतेत का?"

"नाई बा."

"मंग अर्थ सांग. स्पॉटलेस मंजे?"

"एकबी डाग नाई."

"चुलीपाशी बसणाऱ्या बाईनं असं लिहू नये. निभते तेवढंच लिहावं. ते पहिलंच लिही."

अशी मी 'नीट अँड क्लीन' झाले. तांबडी ठसठशीत अक्षरं होती माझी. खोटं कशाला बोलू, मला गर्व चढला होता.

महिन्याभरात समोरच्या हॉटेलवर 'स्पॉटलेस' आलं. पुढच्या दिवाळीला त्याच्या आधी 'सुपर' लागलं. दर दिवाळीला त्या पाटीला नवा रंग मिळे, आणि तिच्याखाली भज्यांचं तेल मात्र तेच राही. शब्द मोठा लिहिला की फडकं मारायचं काम सरलं, असं लोकांना वाटतं. रंगाला काय लागतं? लिहू तिथं बसतो.

आमच्या बाईंचं उलटं. त्यांनी ते दोन शब्द शपथेसारखे धरले. सकाळी पहिली भाकर थापायच्या आधी सगळे ग्लास एका टोपल्यात घालून राखेनं घासायच्या, आणि शेवटी मला खाली उतरवून त्याच राखेनं, त्याच काथ्यानं मलाही घासायच्या.

नागनाथ कळवळला. "मावशी, पाटी ओल्या फडक्यानं पुसा. राखेनं रंग जाते."

"पाण्याचा पितळी गुंड राखेनं घासते मी. तुह्या पाटीचे काऊन येवढे लाड?"

आधी 'क्लीन' फिकं झालं. मग 'नीट'चा वरचा फराटा गेला. मी रडकुंडीला आले. ज्या कामाची अक्षरं माझ्या अंगावर, तेच काम मला खात होतं. १९९४च्या उन्हाळ्यापर्यंत मी पार पांढरी झाले. समोरची सुपर पाटी माझ्याकडं बघून चमकायची.

वामनराव दर मंगळवारी आदिलाबादच्या बससाठी आमच्या समोर उभे राहत. आठ वर्षं उभे राहिले. सकाळचं ते घासणं त्यांनी आठ वर्षं पाहिलं, आणि चहाला त्या सुपरवाल्या हॉटेलातच गेले. बाईंनी कधी हाक मारली नाही. राखही कमी केली नाही.

त्या वैशाखात बस चुकली. वामनराव त्या हॉटेलात गेले, ग्लास हातात घेतला, आत तेलकट डाग पाहिला आणि तसाच ठेवून रस्ता ओलांडला. माझ्याखाली येऊन थांबले.

"द्वारके, पाटीवरचं कुठी गेलं?"

"घासण्यात गेलं."

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग आत येऊन बाकावर बसले. "पाणी द्या, बाई," म्हणाले.

बाईंनी ग्लास मेजावर ठेवला. त्यांनी तो उचलला, तोंडाला लावून रिकामा केला. मग काय आठवलं कोण जाणे, ग्लास घेऊन मोरीकडं निघाले.

"ठेवा तिथंच," बाई म्हणाल्या. "माह्या इथं कोणाले आपला ग्लास धुवा लागत नाई."

आणि तो ग्लास त्यांनी बाकीच्यांबरोबर त्याच टोपल्यात टाकला.

त्या दिवाळीला नागनाथ रंग घेऊन आला. बाईंनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. मित्रांनो, माझंही तेच मागणं आहे. मला रंगवू नका. रोज सकाळी राख तेवढी सोडू नका.