दुसऱ्या वजनाचा रकाना

औषधांची तपासणी करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत एका ज्येष्ठ तंत्रज्ञाला सगळे ‘अंदाजे’ म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका नमुन्याचे वजन, तो काट्यावर न ठेवताच, वहीत लिहिले आणि ते पकडले गेले. चौकशीत कारण विचारल्यावर म्हणाले, “कंटाळा आला होता.” आजारी आई वगैरे कसलीही सबब पुढे केली नाही. तेव्हापासून नियम असा, की अंदाजेंनी केलेले प्रत्येक वजन पदाने त्यांच्या वरच्या असलेल्या थोरल्या बाईंनी पुन्हा करायचे आणि शेजारच्या रकान्यात लिहून सही करायची.

मी विभागप्रमुख म्हणून रुजू झाले तेव्हा टेबलावर त्यांचा अर्ज होता: निवृत्तीला चार महिने उरले आहेत, तेवढे तरी एकट्याच्या सहीने काम करू द्यावे. असे दहा अर्ज आधी फेटाळले गेले होते. प्रत्येकावर बाईंचा शेरा होता, ‘शिफारस नाही.’

माणसांविषयी मत बनवण्यापेक्षा आकडे तपासणे मला सोपे जाते. मी सगळ्या वह्या मागवल्या. आमचा काटा इतका संवेदनशील आहे, की तोच नमुना दोनदा ठेवला तर दशांशचिन्हापुढचा पाचवा अंक सहसा बदलतोच. पहिली दोन वर्षे तो बदलत होता. पुढची नऊ वर्षे दोन्ही रकाने तंतोतंत सारखे.

म्हणजे अंदाजेंनी पुन्हा न तोलता लिहायला सुरुवात केली, असे मला वाटले आणि चांगला अर्धा तास वाटत राहिले. मग लक्षात आले, की दुसऱ्या रकान्यातले अक्षर बाईंचे आहे. आकडे समोर असताना आरोपी मात्र मी टोपणनावावरून निवडला होता.

बाईंना बोलावले.

“दुसरं वजन तुम्ही करता ना?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “दोन वर्षं केलं हो. तो एकदा चुकेल तर शपथ. मग म्हटलं, कशाला त्या काट्याचा जीव खायचा.”

“म्हणजे न तोलता लिहिता.”

“त्याचं बघून लिहिते. मनानं नाही लिहीत.”

“आणि अर्जावर दरवर्षी ‘शिफारस नाही’?”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “सही सुटली असती तर तो त्या खोलीत आणि मी या खोलीत. आता वजनं संपेपर्यंत दोघं बसतो, भांडतो. माझ्या घरी भांडायलाही कुणी नाही, मॅडम.”

अंदाजेंना हे सारे ठाऊक होते. “दुसरं वजन कुणी करत नाही म्हटल्यावर मीच नमुना दोनदा काट्यावर ठेवायला लागलो,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“मी एक दिवस चुकलो, तर अकरा वर्षं नाव पडलं. नऊ वर्षांसाठी बाईंना काय नाव ठेवतील? अर्ज फेटाळा. चार महिने काय, जातील असेच.”

मी वीस नमुने घेतले. प्रत्येक नमुना त्यांनी दोनदा तोलला आणि मीही, एकमेकांचे आकडे न बघता. त्यांच्या दोन वजनांतला फरक माझ्या फरकाच्या निम्मा निघाला. हे मला थोडे लागले. या वीस नमुन्यांच्या आधारावर अर्ज मंजूर केला. वह्यांतली गोष्ट वर कळवायला हवी होती, ती कळवली नाही. ही चूक माझ्या नावावर राहील.

सोमवारी अंदाजेंनी एकट्याची पहिली सही केली. तेवढ्यात बाई खुर्ची घेऊन आत आल्या.

“आता तुमचं इथे काय काम?”

“चुकतोस का बघते.” बाईंनी नमुना चिमट्याने उचलला, काट्यावर ठेवला, काचेचे दार लावले आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबल्या. पाचवा अंक वेगळा आला.

“तुमचा हात हलला,” अंदाजे म्हणाले.

“तुझा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची जवळ ओढली.