मॅग्नस हेडलची मुलगी

डेलिमाने उरलेली टाचणी दातांत धरली आणि कागदाची वरची कड पुन्हा आत दुमडली. सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ड्युशार्म घराण्याचा वंशवृक्ष पसरला होता. लोक त्याच्यासमोर गर्दी करून उभे होते. कुणाला आपले नाव सापडत होते, कुणाला आपल्या नावातली चूक. लहान मुले सगळ्यात खालच्या ओळीत असल्यामुळे तीच सगळ्यात खूष होती. त्यांना टाचा उंचवाव्या लागत नव्हत्या.

तिचा थोरला भाऊ ओनेझिम काठी टेकत शेजारी येऊन उभा राहिला. एकोणऐंशी वर्षांचा गडी, डोक्यावर कोरी निळी टोपी. अशा साठ टोप्या त्याने या मेळाव्यासाठी शिवून घेतल्या होत्या. पुढे होकायंत्राचे चित्र आणि खाली भरतकामात ‘मॅग्नस हेडलचे वंशज’.

“वरचं का दुमडलंस?” त्याने विचारले.

“टाचण्या संपल्या.”

“मग तोंडात आहे ती काय?”

डेलिमाने टाचणी दातांतून काढली. एकतीस वर्षे तिने शाळेची बस चालवली होती. खोटे बोलणारी मुले तिला आरशात पाठमोरीसुद्धा ओळखू येत. स्वतःला मात्र खोटे बोलणे कधी जमले नाही. तिने ओनेझिमला म्हटले, जरा मागे चल, पायऱ्यांवर बसू.

मॅग्नस हेडल हा दोनशे वर्षांपूर्वीचा भूमापक. समुद्रापलीकडच्या ऑर्कनी बेटांवरून कोवळ्या वयात आला, बीव्हरची कातडी विकत घेणाऱ्यांच्या होड्यांतून उत्तरेकडच्या नद्या फिरला आणि त्यांचे नकाशे काढले. त्याची मुलगी नॅन्सी ही ड्युशार्मांची मूळ आजी, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. डेलिमा गेली अकरा वर्षे शोधत होती ती फक्त त्याचा लेखी पुरावा. चर्चच्या नोंदी तिने चाळल्या होत्या, थडग्यांवरचे शेवाळ खरवडले होते. नॅन्सीच्या जन्माचा कागद मात्र कुठेच नव्हता. आणि मंगळवारी विनिपेगच्या दप्तरखान्यातून फोन आला की, दुसऱ्याच कुणाच्या कागदांत हेडलची एक वही निघाली आहे.

ती वही वाचून डेलिमा बाहेर आली आणि गाडी सुरू न करता बराच वेळ नुसती बसून राहिली. ते एक पान आपण पाहिलेच नाही असे म्हटले, तर ते पुन्हा कोण उघडणार होते?

कारण ओनेझिमचे सगळे त्या नावावर उभे होते. त्यांच्या लहानपणी घर रस्त्याच्या कडेच्या सरकारी पट्टीवर होते, जिथे स्वतःची जमीन नसलेली मेटिस, म्हणजे गोरे आणि आदिवासी अशा मिश्र वंशाची, कुटुंबे झोपड्या बांधून राहत. शाळेत पोरे त्याला ‘रस्त्यावरचा’ म्हणत. एकदा तो रडत घरी आला, तेव्हा बापाने त्याला सांगितले की, हा सगळा मुलूख ज्याने कागदावर उतरवला त्याचे रक्त तुझ्यात आहे. दुसऱ्या दिवसापासून ओनेझिम ताठ मानेने चालू लागला, तो आजवर.

मागच्या पायऱ्यांवर ऊन होते. समोर तळे चमकत होते आणि मासे तळल्याचा वास दरवळत होता. सगळ्यात खालच्या पायरीवर एक मुलगी बटाटे सोलत बसली होती. ती टॅनिस. ओनेझिमचा नातू रेमी तिच्याशी लग्न करणार होता आणि आज पहिल्यांदाच तिला घरच्यांत घेऊन आला होता. उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतली मुलगी. सकाळपासून ओनेझिमने दोनदा तिला तू कुणाची, कुठल्या घरची असे विचारून घेतले होते. तिच्या गावचे एकही नाव त्याला ओळखीचे वाटेना, तेव्हा तो थोडा हिरमुसला होता. मग टॅनिसने आपणहून स्वयंपाकघरात जाऊन काम मागून घेतले होते.

ती उठू लागली. डेलिमाने बस म्हणून खूण केली, पर्समधून कागद काढला आणि भावापुढे धरला. ओनेझिमचा चष्मा आत राहिला होता.

“तूच वाच,” तो म्हणाला.

डेलिमाने वाचले. १८०९, जूनची अठरा तारीख. ‘दुपारी सूर्य स्वच्छ, अक्षांश घेतले. माझ्या होडीचा सुकाणूवाला निकिक काल धबधब्यात बुडाला. चूक माझी, मी घाई केली. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते. आज पहाटे तिला मुलगी झाली. मुक्काम वाढवला.’

डेलिमाने घसा साफ केला आणि पुढची नोंद वाचली, तेरा महिन्यांनंतरची.

‘ढगांमुळे सूर्य दिसला नाही. माझी मुलगी नॅन्सी आज तंबूपासून माझ्यापर्यंत चालत आली. बारा पावले.’

आत कुणीतरी व्हायोलिन जुळवत होते. ओनेझिमने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या भरतकामावरून अंगठा फिरवत राहिला. डेलिमाला वाटले, त्याचा हात धरावा. पण तो लहान असतानासुद्धा कुणाला हात धरू देत नसे.

“म्हणजे बापाने मला सांगितलं ते खोटं.”

“त्याला माहीत नव्हतं, ओनेझिम.”

“हेडलला माहीत होतं.”

“होतं.”

“तरी ‘माझी मुलगी’ लिहिलं.”

“लिहिलं.”

“आणि पावलं मोजली.”

“बारा.”

त्याने तळ्याकडे तोंड फिरवले. मग त्याचे खांदे हलू लागले. डेलिमा घाबरली, हा आता रडतो की काय. पण तो हसत होता.

“सुकाणूवाला,” तो म्हणाला. “तरीच आपल्या घरात एकालाही नकाशा कळत नाही. तू इतकी वर्षं बस चालवलीस, पण विनिपेगला गेलीस की दर खेपेला रस्ता चुकतेस.”

“आणि तू आयुष्यात एकदाही होडी उलटवली नाहीस,” डेलिमा म्हणाली. मंगळवारपासून तिच्या छातीवर बसलेले ओझे उठून चालू लागले आणि तीही हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“काय नाव म्हणालीस त्याचं?”

“निकिक. क्री भाषेत पाणमांजर.”

खालच्या पायरीवरची सुरी थांबली होती. दोघांचेही तिकडे लक्ष गेले. टॅनिसने सोललेला बटाटा पातेल्यात ठेवला आणि ओले हात जीन्सला पुसले.

“आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक धबधबा आहे,” ती म्हणाली. “सरकारी नकाशात त्याचं नाव पाणमांजराचा धबधबा. बाहेरची माणसं येतात, पाणमांजरं शोधतात आणि परत जातात. पण आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, निकिक पाण्यात राहिला ती जागा. तो माणूस होता. माझ्या आजीच्या पणजोबांच्या आजोबांचा मोठा भाऊ का चुलत भाऊ, असं काहीतरी. मला नीट सांगता येणार नाही. आजीला विचारू?”

उत्तराची वाट न पाहता तिने फोन लावला. पलीकडे आधी पुष्कळ खरखर झाली, मग एक बारीक, खणखणीत आवाज आला. टॅनिस क्रीमध्ये बोलू लागली. पहिली काही वाक्ये हळू, मग भराभर. मध्येच ‘हेडल’ ऐकू आले, ‘ड्युशार्म’ ऐकू आले. मग पलीकडून काहीच येईना. टॅनिसने फोन लागलेला आहे ना, ते पाहिले.

“आता म्हणू नकोस की रेमीचं लग्न मोडलं,” ओनेझिम कुजबुजला.

“सात-आठ पिढ्या झाल्या,” डेलिमा म्हणाली. “पाद्रीबाबा सोडून देतील.”

तेवढ्यात म्हातारीचा आवाज पुन्हा आला. एकच लहानसे वाक्य. टॅनिसने ते ऐकले आणि ती वर पाहत राहिली. भाषांतर करायला तिला वेळ लागला.

“ती म्हणते, आमच्याकडे गोष्ट इथेच संपते. तो बुडाला, पोटुशी बायको त्या नकाशावाल्याच्या होडीतून नदीने खालच्या मुलखात गेली. पुढचं कुणालाच माहीत नाही.” तिने फोन छातीशी धरला. “ती विचारतेय, ते बाळ जगलं का?”

आत व्हायोलिन सुरात आले होते. कुणीतरी चमचे वाजवू लागले आणि लाकडी जमिनीवर पावले पडायला लागली. आधी दोन-चार, मग पन्नास-साठ. मुले किंचाळत होती, कुणीतरी ताल चुकल्याबद्दल कुणाला शिव्या घालत होते.

ओनेझिम काठी न घेताच उठला. त्याने टॅनिसच्या हातून फोन घेतला, दोन पायऱ्या वर चढला, दार खांद्याने उघडले आणि फोन आत, त्या गोंगाटाकडे धरला.