गेरूचा ग

शाईच्या डबीचं झाकण उघडंच होतं आणि आतला निळा स्पंज मधोमध थोडा दबलेला होता — आपल्या आधी कुणीतरी बोट टेकवून गेल्यासारखा. गोजरबाई मघापासून त्या खड्ड्याकडेच पाहत होती. तिचाच अंगठा तो. सकाळी तालीम म्हणून राधेश्यामने एकदा टेकवून घेतला होता. साबणाने घासूनही नखाच्या कडेला निळं राहिलं होतं. तिने अंगठा पदराआड नेला, आणि मग स्वतःवरच चिडली... लपवायला काय झालं?

अंगणात राधेश्याम फोनचं तीन पायांचं स्टँड उभं करत होता. बियाण्याच्या कंपनीत जाहिरातीचं काम पाहणारा माणूस. वाईट नव्हता, आल्याबरोबर पाया पडला होता. कंपनी गोजरबाईच्या नातीच्या, शीतलच्या टेनिसचा वर्षभराचा भार उचलणार होती — प्रवास, कोच, रॅकेटच्या तारा, सगळं. त्याआधी ही छोटी फिल्म. कागदावर आधी आजीने अंगठा उठवायचा, मग नातीने सही करायची, आणि खाली अक्षरं उमटणार : आजीचा अंगठा, नातीची सही.

“पण मला सही येती की,” सकाळी ती म्हणाली होती.

“ठाऊक हाय ना, आजी. पण सही तर कुणीबी करतं. अंगठा बघितला की माणूस थांबतो.”

माणूस थांबतो. सकाळपासून हे दोन शब्द भाकरीतल्या खड्यासारखे दाताखाली येत होते. भाजी निवडताना आले, न्हाताना आले. तिने अंगण दोनदा झाडलं. तिसऱ्यांदा झाडू उचलला तेव्हा शीतल म्हणाली, “आजी, बस की जरा. दोन मिनिटांचं काम हाय.”

“मंग तूच कर की दोन्ही.”

“अशी काहून करून राह्यली तू? ती सुमेधा बघितली ना पुण्याची?”

बघितली होती. गोरी, उंच, माइकसमोर न अडखळता बोलणारी. शीतलने तिला दोनदा हरवलं होतं. दुसऱ्यांदा तर तासाभरात. पण सुमेधाच्या कपड्यांवर तीन कंपन्यांची नावं होती आणि शीतलच्या बाहीवर घामाचा डाग. सामना संपल्यावर लोक फोटो काढायला गेले ते हरलेलीकडे.

“जिंकून काय व्हतं, आजी? माझा चेहरा न्हाई चालत. राधेश्याम सर म्हणतेत, गोष्ट चालंल. आपल्याकडं गोष्ट तेवढीच हाय. हे वरीस असंच गेलं तर मी खेळणं सोडून देईन, बघ.”

गोष्ट... म्हणजे मी. प्लॉटवरची अडाणी बाई.

पिंपळगाव रेणुकाईच्या बीजप्लॉटवर तिची वीस वर्षं गेली होती. उद्या उमलणारी कपाशीची कळी दुपारनंतर हातात धरायची, अंगठ्याचं मुद्दाम वाढवलेलं नख बुडाशी घालून गोल फिरवायचं, पाकळ्यांसकट आतला पिवळा झुबका उतरवून टाकायचा — मधली काडी तेवढी शाबूत. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल त्या काडीवर घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. कळीचं स्वतःचं काही शिल्लक राहिलं तर बी वाया जायचं. किती कळ्या सोलल्या असतील या अंगठ्याने... तेव्हा कधी मनात आलं नाही. आज काहून येतंय?

आणि भिंत. घरामागची जिनिंगच्या गोदामाची भिंत. शीतल आठ वर्षांची, कुणाचं तरी टाकून दिलेलं रॅकेट घेऊन दिवसभर तिच्यावर चेंडू मारायची, आणि साठीची गोजरबाई राखणीला बसायची. एक दिवस पोरीने गेरूने भिंतीवर अक्षरं काढली. मी अक्षरावर चेंडू मारती, आजी, तू ते वाच. चुकीचं वाचलंस तर चेंडू तू आणायचा. माझा नेम चुकला तर मी. पहिल्या उन्हाळ्यात गोजरबाईच जास्त पळाली. शेजारच्या कांताबाई कुंपणावरून ओरडायच्या, “अगं गोजर, शाळा हाय का शर्यत?” ग पार डावीकडे काढलेला होता, म्हणून शीतलला आडवं वळून मारावं लागायचं — आणि आज तिच्या ज्या डावीकडच्या फटक्याला कोच सगळ्यांपुढे नावाजतो, तो फटका म्हणजे माझा ग आहे, हे त्याला कुठं ठाऊक?

“चला आजी, जल्दी. ऊन जाईल.”

ती खुर्चीवर बसली. समोर कागद, डबी, पेन. तिचा हात आपसूक पेनाकडे गेला, आणि राधेश्याम हसला. “ते नातीचं हो!” शीतल पांढऱ्या कपड्यांत येऊन शेजारी उभी राहिली. बाहीवर कंपनीच्या नावाचा नवा तुकडा. त्याने स्टँडवरचा फोन चालू केला, आणि त्याने काही सांगायच्या आधीच पोरीने ओठ मिटले, पुढचा वाकडा दात आत झाकून घेतला, मान जराशी तिरकी केली. सराईतपणे. हे कधी शिकली ही? आरशासमोर? एकटीच? भिंतीपाशी तर खदखदून हसायची...

दिवसभर अंगात भिरभिरणारं काहीतरी तिथेच थांबलं. राग होता तो, आणि शीतलवर होता, हे तिला आत्ता कळलं — कळलं तेव्हा तो उरला नव्हता. त्या जागी दुसरंच काही आलं, जड, ओळखीचं... सोललेल्या कळीच्या देठाला दोरा बांधताना बोटांना जाणवायचं तसं.

अंगठा तिने स्पंजवर टेकवला. गार लागलं. तो कागदाच्या वर नेला, आणि तिथेच धरला.

“शीतल.”

“बोलू नका आजी, चालू हाय...” फोनमागून राधेश्याम.

“भिंतीवर ग हाय का गं अजून?”

शीतलने तिच्याकडे पाहिलं. मान सरळ झाली. “हाय,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात तो वाकडा दात दिसला. “पुसट झालाय. पण मी अजून तिथंच मारती.”

“परत एकदा घेऊ,” राधेश्याम म्हणाला.

गोजरबाई आपल्या निळ्या अंगठ्याकडे पाहत राहिली. त्यावरच्या रेषा आता ओल्या होत्या, वाचता येतील इतक्या स्पष्ट. पेन बाजूलाच पडलेलं होतं.