गंगेची भरती

मारुतीबुवांच्या हाताखाली कीर्तन शिकायला तीन वर्षं लागत. पहिलं वर्ष बुवांच्या पाठीमागे उभं राहून झांज धरायची आणि धृपद, म्हणजे पालुपद, उचलायचं. दुसऱ्या वर्षी पूर्वरंग, म्हणजे एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण. तिसऱ्या वर्षी आख्यान, आणि तेही स्वतःचं. कथा आपली, साक्या-दिंड्या आपल्या, धृपद आपलं. दुसऱ्याची आख्यानं म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांनी माझ्याकडे येऊ नये, असं बुवा स्वच्छ सांगत.

हे आख्यान कल्याणला विठ्ठलाच्या देवळात, चैत्रातल्या उत्सवात, भरल्या सभेपुढे करायचं. त्या दिवशी बुवा स्वतः झांज घेऊन शिष्याच्या पाठीमागे उभे राहत. धृपद मनाला पटलं तर उचलत. नाही पटलं तर झांज हातात तशीच. मुंबईच्या युनिव्हर्सिटीत म्हणे निकालाची यादी भिंतीवर लावतात. आमच्याकडे निकाल कानाला ऐकू येई. नंतर आरती झाली की बुवा म्हणायचे, "आता एकट्यानं उभा राहा." ही आज्ञा. ती मिळाली की तो माणूस कीर्तनकार. बावीस वर्षांत बुवांनी ती फक्त पाच जणांना दिली होती.

शके अठराशे चारच्या चैत्रात गोपीनाथाची वेळ आली. गोपीनाथ ठाण्याच्या कचेरीत कारकून. दर रविवारी सकाळच्या आगगाडीनं कल्याणला यायचा आणि दिवे लागायच्या आत परत जायचा. गळा गोड, पाठांतर दांडगं, माजिवड्याच्या मारुतीपुढे दोन-तीनदा पूर्वरंग करून लोकांची शाबासकीही मिळवलेली. ठाण्यातल्या एका देवस्थानाच्या पंचांनी त्याला चातुर्मासाचं बोलावणंसुद्धा केलं होतं. अट एकच. "बुवांची आज्ञा आणा, आणि आषाढात उभे राहा."

आख्यान मात्र जमत नव्हतं. पहिलं लिहिलं ते बुवांनी दोन पानं ऐकून थांबवलं.

"यात संस्कृत पुष्कळ आहे. गोपीनाथ कुठाय?"

दुसऱ्यात त्यानं एक राजा घातला, लढाई घातली, अकरा हत्ती घातले.

"हत्ती किती वेळा पाहिलायस रे?"

"एकदा, बुवा. लहानपणी. एका संस्थानिकाची स्वारी आली होती तेव्हा."

"एक पाहिलास आणि अकरा आणलेस. बाकीच्या दहांना चारा कोण घालणार?" बुवा हसले. "जे पाहिलंयस ते लिही. देव तिथंही असतो."

गोपीनाथानं पाहिलेलं म्हणजे काय, तर कचेरी, घर आणि खाडी. कचेरीत देव घालणं त्याला अवघड वाटलं. म्हणून तो सलग पाच-सहा रविवार दुर्गाडी किल्ल्याखालच्या धक्क्यावर जाऊन बसला. तिथून धाकू नावाचा नावाडी लोकांना पलीकडे कोनगावला सोडायचा. धाकूचा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी.

"कारकूनदादा, परत आला तू? जायाचं कुटं हाय?"

"कुठं नाही. बसतो नुसता."

"बस बस. आमच्या होरीत बसायला घाबरतंस, धक्क्यावं बसायला तुला कोन नाय बोलनार."

ओहोटीला होडी चिखलात रुतून बसे. उतारू ओरडत, धाकू तंबाखू चोळत सांगे, "पानी आल्याबिगर होरी हालायची नाय. सायेब आला तरी नाय." मग सावकार असो, फौजदार असो, सगळे खडकावर रांगेनं बसत. बोलायला लागत. एकमेकांची भाकरी खात. गोपीनाथ हे पाहत राहिला आणि त्याला कथा सुचली.

काशीला गंगेकाठी एक नावाडी आहे. त्याच्याकडे एक म्हातारा येतो, पैलतीरी सोड म्हणतो. हा म्हातारा म्हणजे साक्षात विश्वनाथ. पण ओहोटी लागलेली आहे. नावाडी म्हणतो, बाबा, भरती येईपर्यंत बसावं लागेल. आणि ज्याच्या जटेतून गंगा निघाली तो देव तिच्याच काठी, पाणी यायची वाट पाहत, नावाड्याशेजारी बसतो. त्या दोन घटकांत नावाडी त्याचे चिखलाचे पाय धुतो, त्याला अर्धी भाकरी देतो, आपल्या मेलेल्या मुलाची गोष्ट सांगतो. एवढंच आख्यान. धृपद असं होतं:

थांबा बाबा थांबा थोडे, येऊ द्या पाणी
घाई केल्या चिखलात रुते, होडी ही जुनी

बुवांनी हे घरी ऐकलं. उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "चैत्रात कर."

उत्सवाच्या चौथ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, गोपीनाथ उभा राहिला. देऊळ भरलेलं. पुढे गावातली वृद्ध मंडळी, मध्ये बायका, दाराशी धाकू आणि त्याची बायको हौसाबाई. 'आपल्या होरीची कथा हाय' असं कळल्यामुळे धाकूनं त्या दिवशी होडी भावाच्या ताब्यात दिली होती. पूर्वरंग नीट झाला. बुक्का लागला, हार पडला. उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाला, सुरुवात करताना रिवाजाप्रमाणे गोपीनाथ म्हणाला, "ही कथा ग्रंथातली नव्हे, माझ्या मनातली आहे. चुकली तर माझी, बरी वाटली तर विठ्ठलाची."

पहिल्यांदा धृपद म्हटलं, आणि पाठीमागून बुवांची झांज खणखणली. निकाल लागला. मग गोपीनाथाला पंख फुटले. देव चिखलातून पाय काढत खडकावर बसला तेव्हा बायकांमध्ये हुंदके ऐकू येऊ लागले. धाकू शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता, "बगलास? मी असाच बोलतंय. असाच!" सगळ्या सभेनं धृपद उचललं होतं.

आरतीच्या आधी मधुसूदनशास्त्री उठले. हे कल्याणचेच, पण बारा वर्षं काशीला अध्ययन करून नुकतेच परतलेले. माणूस भला. टोमणा मारायचा म्हणून ते बोलले नाहीत, राहवलं नाही म्हणून बोलले.

"गोपीनाथपंत, कथा फार गोड झाली. कथा तुमची आहे, ती तुम्ही हवी तशी करा. पण गंगा तुमची नाही. काशीच्या गंगेला भरती-ओहोटी नसते. समुद्र तिथून कुठच्या कुठे! पावसाळ्यात पूर येतो, उन्हाळ्यात पाणी उतरतं, बस."

आम्हा खाडीकाठच्या लोकांना पाणी म्हटलं की ते येतं आणि जातं, एवढंच ठाऊक. चारशे माणसं बसली होती, त्यातल्या एकालाही शंका आली नव्हती. बुवांनाही नाही. तेही कधी काशीला गेले नव्हते.

गोपीनाथाचा चेहरा उतरला. सगळं आख्यान त्या दोन घटकांवर उभं होतं. त्याला ठाण्याचे पंच दिसले, आषाढ दिसला. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "एका जुन्या माहात्म्यग्रंथात तसा उल्लेख आहे, शास्त्रीबुवा. पूर्वी तिथवर भरती येत असे."

"असं?" शास्त्री म्हणाले. "मग माझ्या वाचनात नाही आलेला." आणि ते खाली बसले.

आरती झाली. प्रसाद वाटला. लोक गोपीनाथाच्या पाया पडले. बुवा मात्र चपला घालून घरी गेले. आज्ञेचं ते वाक्य ते बोललेच नाहीत.

गोपीनाथ त्यांच्या मागोमाग गेला. बुवा ओसरीवर बसून पाय धूत होते.

"ये. त्या ग्रंथाचं नाव काय रे?"

गोपीनाथानं तांब्या उचलून त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

"नाव आठवत नसेल तर राहू दे. पोथी आणून दे. इतकी वर्षं कीर्तन करतोय, असं काही माझ्या कानावर नाही. वाचायला आवडेल."

"बुवा, तशी पोथी नाही."

"हं." बुवांनी पाय पुसले. "मला वाटलंच. पण मला सांगून काय उपयोग? मी तर तुझी भरती ऐकून रडलोय. माझ्यासारखा अडाणी श्रोता तुला कुठे मिळणार!"

"चूक झाली. घाबरलो."

"भरती घातलीस ती चूक नव्हे. ती न कळून झाली, आणि त्यात मीही तुझा वाटेकरी. पण आपण उभे राहतो ती जागा कोणाची?"

"नारदाची गादी."

"तिथून कथा रचून सांगावी. रचलेली आहे असं सांगून सांगावी. तू सांगितलंसही. आणि मग त्याच जागेवरून नसलेल्या पोथीचा दाखला दिलास. आता उद्या गावातली बाई आपल्या लेकराला सांगेल, काशीला भरती येते, पोथीत लिहिलंय. ते कोण पुसणार?" बुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "उद्या शेवटचा दिवस. कीर्तन माझं आहे. ते तू घे."

"उद्या कचेरी आहे, बुवा."

"मग कचेरीला जा," बुवा म्हणाले आणि उठून आत गेले.

गोपीनाथ ठाण्याला गेला नाही. देवस्थानाच्या धर्मशाळेत राहिला आणि दुसऱ्या दिवशीची रजा कळवायला गाडीनं जाणाऱ्या एका ओळखीच्याजवळ चिठ्ठी दिली. आख्यानातून भरती काढून टाकावी म्हणून त्यानं पुष्कळ खटपट केली. भरती काढली की देव सरळ होडीत बसे आणि पलीकडे जाई. कथा चार ओव्यांत संपे. वारा घालून पाहिला, पूर घालून पाहिला. वारासुद्धा आपण खाडीवरचाच लिहिला असणार, अशी आता त्याला स्वतःचीच भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी देऊळ आदल्या दिवशीपेक्षा जास्त भरलं. बुवा झांज घेऊन पाठीमागे उभे. गोपीनाथानं नमन केलं, आणि पूर्वरंग न करता तसाच म्हणाला:

"काल मी इथं एक खोटं बोललो. माहात्म्यग्रंथाचं नाव घेतलं. असा ग्रंथ मी पाहिलेला नाही. काशीला भरती येत नाही, शास्त्रीबुवा म्हणाले तेच खरं. मी गंगा पाहिली नाही. खाडी पाहिली, तीच मी काशीला नेली."

मधुसूदनशास्त्री मान खाली घालून बसले होते. आपणच ह्या माणसाला अडचणीत आणलं, असं त्यांना वाटत असावं.

"आता अडचण अशी आहे," गोपीनाथ म्हणाला, आणि हे त्यानं ठरवलेलं नव्हतं, "की पाणी भरपूर आहे. होडी तरंगते आहे. देव काठावर आलाय. मग नावाडी थांबला का, ते मला कळत नाही. आख्यान इथं अडलंय. मला पुढं येत नाही."

कीर्तनकारानं भर सभेत 'मला येत नाही' म्हणावं, हे कल्याणनं प्रथमच ऐकलं. आणि दाराशी धाकू उभा राहिला.

"त्यात काय नाय कलन्यासारकं? त्याला जाऊ द्यायाचं नवतं!"

"गप रं," हौसाबाईनं त्याचं धोतर ओढलं. "देवलात हाईस."

"गप काय? आमी बी करताव. पानी भरलेलं अस्तं, तरी बोलताव, थांबा जरा, पानी येऊ दे. मानूस चांगला असला, बोलनारा असला, तं करताव. पलीकडं उतरला का गेला ना तो!"

लोक हसले. "म्हणजे परवा मला दोन घटका बसवलंस ते?" पुढून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुमाला नाय, आबा. तवा खरंच पानी नवतं."

देवळात हशा पिकला. शास्त्रीसुद्धा हसले. गोपीनाथ हसला नाही. तो तसाच उभा होता, चिपळ्या हातात. मग त्यानं डोळे मिटले आणि कथा मधूनच धरली. देव काठावर आला. पाणी तुडुंब. नावाडी दोर सोडायला वाकला आणि म्हणाला, गाठ घट्ट बसलीय, बाबा. गाठ सुटली. मग वल्हं सापडेना. वल्हं म्हाताऱ्याच्या पायाशीच होतं, त्यानंच उचलून दिलं. मग नावाडी म्हणाला, पाय मळलेत तुमचे, होडी माझी लक्ष्मी आहे, धुतो. एक पाय धुऊन झाला, तो परत पहिल्यापासून धुवायला लागला. आणि देवाला सगळं कळत होतं. देव म्हणाला, धू.

धृपद त्याच्या तोंडून आलं तेव्हा ते बदललेलं होतं:

थांबा बाबा थांबा थोडे, आहे हो पाणी
पैलतीरी गेल्यावर मज भेटेल का कोणी

नवी ओळ. बुवांनी कधी न ऐकलेली. पहिल्या वेळी झांज गप्प राहिली. गोपीनाथानं मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा म्हटली. बुवांनी ती उचलली, पण आवाज फुटका निघाला. तिसऱ्यांदा सगळं देऊळ म्हणू लागलं तेव्हा बुवांचा आवाज त्यात कुठे आहे ते कळेनासं झालं. मृदंगवाला ताल चुकला, आणि त्याला कोणी काही म्हटलं नाही. आख्यान आदल्या दिवशीपेक्षा ओबडधोबड झालं. दोन दिंड्या अर्धवट राहिल्या. एका जागी गोपीनाथाला शब्द सापडेना, तेव्हा त्यानं नुसता नामघोष करून वेळ भरून काढला. देव होडीत बसला तेव्हा मात्र त्यानं जाऊ नये असंच सगळ्यांना वाटलं.

आरतीनंतर शास्त्री पुढे आले. "पंत, काशीचे नावाडी उतारू जमेपर्यंत नाव सोडत नाहीत, हे सांगायचं मी मनात ठरवून आलो होतो. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून. आता ते माझ्याजवळच राहू द्या."

बुवा झांजेची दोरी गुंडाळत होते. ती गुंडाळून त्यांनी झांज खाली ठेवली.

"ठाण्याच्या पंचांना होकार कळव," मग ते म्हणाले. "आता एकट्यानं उभा राहा. आणि अडलास तर काल केलंस तसं करू नकोस, आज केलंस तसं कर. दर वेळी धाकू भेटेलच असं नाही, पण विचारून पाहावं."

गोपीनाथानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तो थेट दाराकडे गेला. धाकू कधीच धक्क्याकडे निघून गेला होता, त्याचे उतारू खोळंबले होते. हौसाबाई प्रसादाचा द्रोण पदराखाली धरून मागे राहिली होती.

"कारकूनदादा," ती म्हणाली, "त्याला तुज्यामुलं कथा चांगली झाली बोलू नको. घरात ऱ्हायची सोय नाय मंग."