ऑर्थेलियाच्या नावाचा कायदा

बुधवारी माझा उपास असतो आणि त्या दिवशी कुणाविषयी वावगा शब्द काढायचा नाही असा नेम आहे. म्हणून आमदार डेक्स्टर विल्बॉर्न यांची ही हकिकत गुरुवारी लिहायला घेतली.

विल्बॉर्न आमच्याच हॉलिस फेरीचे. त्यांच्या वडिलांचं प्रेतं सजवून पुरण्याचं दुकान होतं, त्यामुळे चेहरा गंभीर कसा करायचा हे त्यांना लहानपणापासून येतं. विधानसभेत गेल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी कॅटफिशला राज्याचा मासा ठरवण्याचं विधेयक मांडलं. सभापतींनी सांगितलं, तो ठराव त्यांच्या जन्माआधीच झालाय. दुसऱ्या वर्षी एका पुलाला नाव दिलं. तो पूल नंतर बंद पडला, पाटी तेवढी शाबूत आहे.

मग त्यांना कुणीतरी सांगितलं की आम्हा काळ्या लोकांची मतं हवी असतील तर जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी पुसण्याचा कायदा करा. कायदा राजधानीतल्या, गरिबांचे खटले लढणाऱ्या एका वकीलबाईंनी लिहिला. यांनी वर सही केली. पण लिहिलेलं नुसतं वाचून विधानसभेच्या समितीला पाझर फुटत नाही. समोर एक जिवंत दुखणं उभं करावं लागतं. ते शोधत आमदारसाहेब आमच्या चर्चमध्ये आले आणि पास्टरांनी ऑर्थेलिया मॅकनीलकडे बोट दाखवलं.

ऑर्थेलिया बावीस वर्षांची असताना एका पुरुषाच्या नादी लागली. त्याने ठेवायला दिलेली पिशवी तिने उघडून पाहिली नाही. पोलिसांनी पाहिली. तो सुटला, ही आत गेली. बाहेर आल्यावर उभं आयुष्य तिने म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या धुलाईघरात काढलं, कारण शिक्षा झालेल्या बाईला आजाऱ्याच्या अंगाला हात लावायचा परवाना मिळत नाही. चादरी धुवायच्या, पण त्या चादरीवरच्या माणसाला कूस बदलून द्यायची नाही! तिला तेवढंच हवं होतं. मिस कॉर्डी (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलीलाही, मिसच म्हणतात) नावाची तिथली एक म्हातारी तिच्याच हातून आंघोळ घालून घ्यायला आतुर होती.

ऑर्थेलिया समितीपुढे बोलली. खोलीत सातआठ आमदार होते, त्यातले दोघे जागे होते. कायदा झाला. तिची नोंद पुसली गेली, परवाना आला, आणि ती मिस कॉर्डीला न्हाऊमाखू घालू लागली. गावातले जुने लोक मेले होते किंवा विसरले होते. नव्यांना काही ठाऊकच नव्हतं. आता सुखाने दोन घास खाईल, असं मला वाटलं.

आणि चौकात फलक लागला. विल्बॉर्न यांचा चेहरा, गंभीर. खाली अक्षरं: ‘ऑर्थेलिया मॅकनील कायद्याचे शिल्पकार’.

आमच्याकडे कायद्याला माणसाचं नाव द्यायची चाल आहे. हरवलेल्या लेकराचं, अपघातात गेलेल्या शिपायाचं. पण जो कायदा म्हणतो की हिचं मागचं विसरा, त्यालाच हिचं नाव! दुकानात, न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर एकच चौकशी. “अगं, ही मॅकनील म्हणजे आश्रमातली का? काय केलं होतं गं तिने?” ज्यांनी कधी विचारलं नसतं तेही विचारू लागले.

मिस कॉर्डीची मुलगी वेल्मा गोड आवाजात मॅनेजरला म्हणाली, “मी काही म्हणत नाही हो. पण आईच्या खोलीत तिच्या अंगठ्या असतात.” झालं. ऑर्थेलिया पुन्हा धुलाईघरात.

मी तिला घेऊन आमदारांच्या कचेरीत गेले. त्यांनी आम्हाला बर्फ घातलेला चहा दिला आणि स्वतःचा फोटो असलेले पुठ्ठ्याचे हातपंखे दिले.

“साहेब, माझं नाव तेवढं काढा,” ऑर्थेलिया म्हणाली.

“सिस्टर, काय बोलताय! अहो, लोक मेल्यावरसुद्धा त्यांच्या नावाचा कायदा होत नाही. तुमचा जिवंतपणी झालाय.”

“म्हणूनच म्हणते. जिवंत आहे, काम करायचंय.”

“थोडे दिवस लोक बोलतात. इतिहास लक्षात ठेवतो.”

“अहो, लक्षात ठेवू नये म्हणूनच कायदा केला ना?” मी विचारलं.

ते माझ्याकडे बघून हसले. मांजर खुर्चीवर चढलं की माणसं हसतात तसे. आमच्या चर्चमध्ये बाईला सिस्टर म्हणतात, माझ्यासारख्या म्हातारीला मदर. “मदर, तुम्ही प्रार्थना करा. कायद्याचं आम्ही बघतो. आणि सिस्टर, रविवारी तुमच्या चर्चला येतोय. तुम्ही उठून चार शब्द बोला. कुठून कुठे आलात, सगळं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.”

बाहेर आल्यावर ऑर्थेलियाने पंखा कचऱ्यात टाकला. मी परत काढला, जुलैचा उकाडा होता. तिथून ती थेट त्या वकीलबाईंना भेटायला राजधानीच्या बसमध्ये बसली. काय ठरलं ते मला सांगितलं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. वेल्मा आईला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली होती. आमदारसाहेब भजन संपताना आले, म्हणजे सगळ्यांना दिसावेत. पास्टरांनी दोन मिनिटं दिली, यांनी देवाच्या वाट्याचा वेळही घेतला. शेवटी रुमाल काढला.

“आणि जिच्यासाठी मी लढलो, ती इथेच बसली आहे! उठा, सिस्टर. सांगा सगळ्यांना, तुमच्या हातून काय घडलं होतं!”

ऑर्थेलिया उठली. “काही नाही,” ती म्हणाली.

“लाजू नका. इथे सगळी आपलीच माणसं.”

“लाजत नाहीये. काही घडलंच नाही. कोर्टात जाऊन बघा.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सांग, पोरी!”

“साहेबांच्या कायद्यातच लिहिलंय,” तिने आवाज चढवला नाही. “नोंद पुसली की ती गोष्ट झालीच नाही असं धरायचं. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं, आणि ते खोटं ठरत नाही. साहेबांनी वाचलं असेलच.”

“आमेन!” दोनतीन बाकं एकदम म्हणाली. आमच्यात एकदा आमेन सुरू झालं की ते कुणाच्या बाजूने जाईल हे आमदारांच्या हाती राहत नाही.

“अहो, पण तुम्ही तर तेव्हा त्या माणसाच्या पिशवीत—” साहेब बोलले, तोच त्यांची मदतनीस मिस गँट पुढे धावली आणि तिने त्यांची बाही ओढली. ती कानात बोलली खरी, पण समोरचा माइक चालू होता. “साहेब, गप्प बसा! पुसलेली नोंद सरकारी माणसाने उघड केली तर दंड आहे. कलम तुमचंच आहे.”

मी त्या चर्चमध्ये खूप प्रवचनं ऐकली आहेत. पण तोंड उघडं आणि शब्द नाही असं सुंदर काही पाहिलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी दुकानात तोंडं याहून नीट मिटवली असती.

“मग मी काहीच केलं नाही, तर कायदा माझ्या नावाचा कसा?” ऑर्थेलियाने विचारलं. “दुसऱ्या कुणाचं तरी लावा. तुमचं लावा.”

लोक हसले. पास्टरांनी खाली बघितलं, खांदे हलत होते. मग पुढच्या रांगेतून मिस कॉर्डीचा आवाज आला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडूनच बोलते.

“वेल्मा! ही म्हणते काय? हिने काही केलं नाही?”

“नाही केलं, आई,” वेल्माला सगळ्यांसमोर म्हणावंच लागलं.

“मग मला आंघोळीला ती गारठलेल्या हातांची पोरगी कशाला दिलीय? उद्या ऑर्थेलियाला पाठव!”

वेल्मा लाल झाली. “हो,” ती पुटपुटली.

“काय?”

“हो म्हटलं, आई! उद्या येईल ती!”

कायद्याच्या पुस्तकात ऑर्थेलियाचं नाव अजून तसंच आहे. एकदा छापलेलं काढायला नवं विधेयक लागतं, आणि ते मांडायला कुठला आमदार तयार होईल? फलक मात्र उतरला. आमदारसाहेबांना त्या दिवशी कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही, तरी ते थांबले. माझ्या रताळ्याच्या गोड पाईचे दोन तुकडे त्यांनी खाल्ले आणि तिसरा कागदात गुंडाळून नेला.