पान एकशे शहात्तर

पिक्चर संपला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या आणि मी दातओठ खात होते.

'पूलवाल्याची मुलगी' ही कादंबरी मी नऊ वर्षांची असल्यापासून वाचत आले आहे. नदीवर एक पूल, बोट आली की रहाट फिरवून तो उचलायचा. तो उचलणारा माणूस, त्याची बायको, त्यांची मुलगी आणि पुलाला चिकटलेलं दोन खोल्यांचं घर. बस, एवढीच गोष्ट. पुस्तक फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या ओळखीत ज्यांनी वाचलं त्यांनी माझीच प्रत नेऊन वाचलं, आणि ती परत मिळेपर्यंत मी हात धुवून त्यांच्या मागे लागले. अशा पुस्तकावर कुणी ॲनिमेशनचा पिक्चर काढतंय म्हटल्यावर मी सहा महिने हवेत होते. पहिल्याच खेळाला भर दुपारी चष्म्याचं दुकान बंद केलं आणि बाबांना घेऊन गेले. बाबा एकोणऐंशीचे. सगळी हयात छापखान्यात बाइंडर म्हणून काढली. माझी प्रत त्यांच्याच हातची शिवलेली, त्यामुळे तो मान त्यांचा होता.

आणि काय बघायला मिळालं? एक बडबडं बदक. पुस्तकात बदक नाही, असतं तरी बोललं नसतं. पूलवाल्याची बायको म्हणजे मुठीत मावेल अशी कंबर आणि गुडघ्यापर्यंत केस. हेही मी गिळलं असतं. पण त्यांनी मुलीच्या आईला मारून टाकलं! सहा मिनिटं व्हायोलिन वाजतंय, ती उशीवर मान टाकते आणि खिडकीतून पांढरे पक्षी उडून जातात.

माझ्या पुस्तकात आई मरत नाही. ती आजारी पडते, मुलगी रहाट सोडून धावत घरी येते आणि दारात तिचे वडील सांगतात, “घाबरू नकोस. आई खिडकीपाशी आहे. सकाळचं पहिलं ऊन तिथंच येतं.” त्यानंतर मुलगी जे काही सांगायचं ते खिडकीकडे बघून सांगते. आई पुढे एक शब्दही बोलत नाही. तिचं काय झालं हे लेखक कुठेच उघड करत नाही. लेखकाच्या या संयमावर मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना भिंगं लावता लावता व्याख्यानं दिली आहेत. त्यांना उठून जाता येत नाही, हा आमच्या धंद्याचा फायदा.

ते वाक्य पिक्चरमध्ये नव्हतंच.

त्या वाक्याशी माझं काय नातं आहे ते सांगायला हवं. मी नऊ वर्षांची झाले त्याच वर्षी माझी आई गेली. ती दवाखान्यात होती तेव्हा मला मावशीकडे ठेवलं होतं. बाबा मला न्यायला आले ते हे कोरं पुस्तक घेऊन. घरी आल्यावर रोज संध्याकाळी ते थोडं थोडं वाचून दाखवायचे. या वाक्यापाशी आले की त्यांचा आवाज अगदी हळू व्हायचा आणि मी आमच्या खिडकीकडे बघायचे. आजही काही बरंवाईट घडलं की सकाळी मी खिडकीपाशी उभी राहून आईला सांगते. नवरा माझी एकही गोष्ट टिंगल केल्याशिवाय सोडत नाही, पण तेव्हा तोही चहाचा कप घेऊन मुकाट्याने आत जातो.

पिक्चर बघून निघाल्यावर बाबा म्हणाले, चांगला होता की. मी रस्त्यातच त्यांना फैलावर घेतलं. बदकापासून सुरुवात करून आईच्या मरणापर्यंत आले, तर ते एवढंच म्हणाले की, ती मेल्याचं दाखवलं ते बरंच केलं त्यांनी. मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

चौथ्या दिवशी पिक्चरचे संवाद लिहिणाऱ्या बाईंना सात पानी पत्र धाडलं. चुकांची यादी केली, पुस्तकातल्या पानांचे आकडे दिले. पान एकशे शहात्तरवरचं सर्वांत सुंदर वाक्य तुम्हाला दिसलं कसं नाही, असं खडसावून विचारलं. नवरा म्हणाला, निदान बदकाला तरी सोड, त्याला बायकापोरं असतील.

आठवड्याने दुकानात त्या बाईंचा फोन आला. मी कंबर कसूनच उचलला, पण त्यांचा आवाज इतका मवाळ होता की भांडायची सोय राहिली नाही. त्यांनीही लहानपणी गावातल्या वाचनालयातून हे पुस्तक आणलं होतं. त्यातलं आईचं मरण वाचून तीन दिवस जेवल्या नव्हत्या, म्हणून तर हा पिक्चर लिहायला घेतला. पक्षी आणि व्हायोलिन त्यांच्या मनाविरुद्ध आले, हेही त्यांनी कबूल केलं. फक्त मी म्हणत होते ते वाक्य त्यांना काही केल्या सापडत नव्हतं. पानाचा फोटो पाठवाल का, म्हणाल्या.

मी मोठ्या तोऱ्यात पुस्तक उघडून समोरासमोरच्या दोन्ही पानांचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत पुन्हा फोन आला.

“ताई,” त्या म्हणाल्या, “खालचे आकडे बघता का जरा?”

मी बघितले. डावीकडे एकशे शहात्तर. उजवीकडे एकशे त्र्याण्णव.

दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावणारी बाई मी, आणि बत्तीस वर्षांत हे मला दिसलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या प्रतीतल्या मधल्या सोळा पानांचे फोटो पाठवले. एकशे शहात्तर संपतं ते “घाबरू नकोस. आई” इथे. एकशे सत्त्याहत्तर सुरू होतं ते “आता आपल्यात नाही. पण मी आहे,” असं. मग सोळा पानं ते घर, जमलेली माणसं, पूल उचलला नाही म्हणून नदीत खोळंबलेल्या बोटी. एकशे ब्याण्णवच्या शेवटी मुलगी विचारते की, आईची खुर्ची कुठे ठेवलीत, आणि वडील म्हणतात, “तिची खुर्ची”. खिडकीपाशी होती ती खुर्ची. लेखकाने संयम वगैरे काही पाळला नव्हता, सगळं सरळ सांगून टाकलं होतं. समोर एक गिऱ्हाईक चष्म्याची फ्रेम नाकावर धरून बसलं होतं, त्याला उद्या या म्हटलं आणि तशीच बाबांकडे गेले.

बाबा त्यांच्या खोलीत कुणाचा तरी फाटका शब्दकोश दुरुस्त करत बसले होते. आता नजर साथ देत नाही, बोटांनी चाचपून काम करतात. मी पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि विचारलं, यात सोळा पानं नाहीत, हे कुणाचं चुकलं?

“चुकलं नाही,” बाबा म्हणाले. “मी केलं ते.”

मग त्यांनी सांगितलं. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्म्यांचे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडायचे, बायका फेऱ्या मारत एकेक उचलून पुस्तक जुळवणार, आणि शिवण्याआधी बाबा प्रत्येक प्रत तपासणार. आई गेल्यावर चौथ्या दिवशी ते कामावर गेले तेव्हा टेबलावर हीच कादंबरी होती. एका प्रतीत बारावा फर्मा घालायचा राहिला होता. तसं नेहमीच व्हायचं. शेजारच्या गठ्ठ्यातून एक उचलून मध्ये सरकवायचा, की झालं. त्यांनी फर्मा उचललाही. कुठे घालायचा ते बघायला आधीच्या पानाचा शेवट आणि पुढच्या पानाची सुरुवात लागोपाठ वाचली.

“वाचलं आणि हात थांबला,” ते म्हणाले. “तुला मावशीकडून आणायचं होतं. येऊन काय सांगू, हे मला चार दिवस सुचत नव्हतं. ते तिथं छापलेलं होतं.”

फर्मा त्यांनी परत गठ्ठ्यावर ठेवला आणि ती प्रत तशीच शिवली. उभ्या आयुष्यात चुकीची म्हणून माहीत असलेली एकच प्रत त्यांनी हातावेगळी केली होती, आणि ती माझ्यासाठी.

मी चिडलेच. बत्तीस वर्षं हे वाक्य माझ्या तोंडून ऐकताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही, म्हटलं. आधी तू लहान होतीस, ते म्हणाले, आणि मोठी झालीस तोवर ते वाक्य इतकं घट्ट धरून बसलीस की माझं धाडस होईना. परवा पिक्चरमध्ये ते दाखवलं तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. आता हिला आपोआप कळेल, असं ते धरून चालले होते.

“तर तू मलाच झापलंस,” बाबा म्हणाले.

मला हसू आलं. हसता हसताच माझ्या लक्षात आलं की मावशीने मला सांगितलं होतं, आई दवाखान्यात आहे. शेजारच्या काकू म्हणायच्या, येईल हं. मग हळूहळू सगळ्यांनी तो विषयच बंद केला आणि पोरांना कळतं तसं मला कळलं. आई गेली, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

“बाबा, तुम्ही मला सांगितलंच नाहीत.”

“नाही.”

“मग आता सांगा.”

त्यांनी खळीचा ब्रश बाजूला ठेवला. फडक्याने एकेक बोट पुसलं. मला पलंगावर बसायला सांगून माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

“बाळा,” ते म्हणाले, “तुझी आई गेली. मंगळवारी पहाटे गेली. मी तिथंच होतो. तुला भेटवायला आणलं नाही मी. ते मात्र माझं चुकलं.”

एक्केचाळीस वर्षांची दुकानदार बाई मी, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. बाबाही रडले. माझ्या केसांना खळ लागली. मग मी एकेक विचारत गेले आणि ते सांगत गेले. तिला दुखत होतं का, तिच्या अंगावर काय होतं, ती शेवटी काय म्हणाली, माझं नाव काढलं का.

नाव काढलं होतं. मावशी पोरीची वेणी घट्ट घालते ना, असं तिने विचारलं होतं, सैल घातली की शाळेतून येईपर्यंत सुटते तिची.