पावसाच्या बागेवर ओतलेलं काँक्रीट

खड्डा म्हणू नका मला. मी पावसाची बाग बोलतेय, आणि आज रागाने बोलतेय.

रस्त्याच्या कडेला मला मुद्दाम खोलगट खणलं. तळाशी खडी, वर वाळू, त्यावर माती आणि ओल-ऊन दोन्ही सोसणारी झाडं. फुटपाथच्या कडेला एक खाच ठेवली. रस्त्यावरचं पाणी तिच्यातून माझ्यात यायचं आणि हळूहळू जमिनीत मुरायचं. एवढंच माझं काम.

त्याआधी समोरच्या शिलाईवालीच्या दुकानात दर पावसाळ्यात घोटाभर पाणी शिरायचं. मी आले आणि तिची फरशी कोरडी राहू लागली. पण कोरड्या फरशीकडे कोण बघतं? लोकांना दिसला माझा चिखल. कुणी म्हणालं, डास होतात. माझ्यात पाणी फार टिकतच नव्हतं. डास होते त्यांच्याच गच्चीवरच्या उघड्या टाकीत. कुणी चहाचे कप टाकले, कुणी घरदुरुस्तीचा राडारोडा. मग तेच नाक मुरडून म्हणाले, काय ही घाण.

शेजारी दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांना पेशंटच्या गाड्यांसाठी जागा हवी होती. त्यांनी रहिवाशांची बैठक घेतली. हिला बुजवायचं का, असं विचारताच पहिला हात वर गेला तो शिलाईवालीचा. तिच्या गिऱ्हाइकांनाही स्कूटर लावायला जागा नव्हती ना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला कोण विचारतंय?

झाडांसकट माझ्यावर काँक्रीट ओतलं. एका टोकाला पट्टाभर तेवढी मी उरले.

पुढच्याच मोठ्या पावसात पाणी दुकानात घुसलं. मशीनची मोटर जळली, एका नवरीचे शिवून ठेवलेले कपडे चिखलात लोळले. नवरी दारात उभी राहून रडत होती आणि शिलाईवालीला मान वर करवत नव्हती.

पाणी ओसरल्यावर ती पहार घेऊन आली आणि माझ्यावरचं काँक्रीट फोडू लागली. डॉक्टर धावत आले.

"ताई, परवानगी घेतलीत का?"

"पाणी काय परवानगी घेऊन आलं होतं, डॉक्टर?" ती म्हणाली. हात थांबवला नाही.

तेव्हा डॉक्टरांनी आपली गाडी आणून उरलेल्या काँक्रीटवर उभी केली. ती अजून तिथेच आहे. अर्धी मी तिच्या चाकांखाली, अर्धी मोकळी. मोकळ्या भागात शिलाईवाली रोपं लावते, कचरा वेचते. तरी तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

मला कौतुक नको, नावाची पाटी नको. ती गाडी तेवढी हलवा. आभाळ भरून आलंय.